कर्नाल बंट : एका परोपजीवी कवकाचा आणि त्याच्या नावाचा इतिहास

पिकांवरील रोगांना मराठी शेतकऱ्याने दिलेली नावे बहुतांशी डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून आलेली आहेत. गव्हाच्या पानांवर व खोडांवर तांबूस भुकटीचे फोड दिसू लागले की तो तांबेरा. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरली की ती काणी. फुलोऱ्यातून मधासारखा द्रव पाझरू लागला की तो चिकटा. आणि बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा वाढल्या की तो गोसावी. या नावांत रोग निर्माण करणारा जीव कोठेही नाही. आहे ते त्याने पछाडलेल्या पिकाचे बदललेले रूप. शास्त्रीय परिभाषेत ज्याला आश्रय वनस्पती म्हणतात तिच्याच अंगावर रोगाची ओळख लिहिलेली असते, ही गोष्ट लोकभाषेने अचूक हेरली होती.

विज्ञानाने रोगांना नावे दिली ती निराळ्या रीतीने. कवकाचे कूळ, त्याचे प्रथम वर्णन करणाऱ्याचे आडनाव, कधी तो जेथे प्रथम आढळला त्या गावाचे नाव. ‘कर्नाल बंट’ हे नाव या शेवटच्या प्रकारात मोडते. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावरील कर्नाल हे नगर आज जगभरच्या धान्यव्यापारात, बंदरांवरील तपासणीत आणि आयातीच्या अटींत वाचले जाते ते गव्हाच्या एका रोगामुळे. बंट म्हणजे गव्हाच्या दाण्यात काळी, दुर्गंधीयुक्त भुकटी निर्माण करणारा काणीचा एक प्रकार.

या रोगाचा इतिहास पाहू जाता एक विसंगती प्रथमच लक्षात येते. उत्पन्नाच्या हिशेबात हा रोग मोठा नाही. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातील गव्हावर आलेल्या काळ्या तांबेऱ्याने विस्तीर्ण प्रदेशातील उभे पीक बुडविले. तसा संहार कर्नाल बंटने कधी केलेला नाही. त्यामुळे होणारी घट सर्वसाधारण वर्षी एक टक्क्याहूनही कमी असते. तरीही राष्ट्राराष्ट्रांमधील धान्यव्यवहारात त्याचा धाक मोठा आहे. या विसंगतीचे मूळ त्या कवकाच्या आश्रय वनस्पतीवर जगण्याच्या रीतीतच सापडते. प्रस्तुत निबंधात ही रीत कशी उलगडत गेली आणि तिच्यामुळे एका किरकोळ रोगाला एवढे महत्त्व कसे प्राप्त झाले, याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

भारतातील कवकांच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही हौशी व काही सरकारी अभ्यासकांनी केली असली, तरी तिला संस्थात्मक अधिष्ठान लाभले ते १९०५ साली. त्या वर्षी बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याने लॉर्ड कर्झन यांच्याकडे सोपविलेल्या देणगीचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. १९०१ मध्ये भारतात आलेले एडविन जॉन बटलर हे या संस्थेचे कवकशास्त्रज्ञ झाले. रोगट वनस्पतींचे नमुने वाळवून, त्यांवर स्थळ, काळ व आश्रय वनस्पतीची नोंद करून ते जतन करण्याचा जो परिपाठ त्यांनी घालून दिला, त्यातून ‘हर्बेरियम क्रिप्टोगॅमी इंडिई ओरिएंटॅलिस’ हा संग्रह उभा राहिला. आज तो नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. बटलर यांचा वनस्पतिरोगांवरील ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला आणि १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले.

बटलर यांच्या काळापर्यंत गव्हावरील काणीवर्गीय रोगांचे चित्र बरेचसे स्पष्ट झाले होते. त्यांत दोन जीवनरीती प्रमुख मानल्या जात. पहिली काजळी काणीची. तिची बीजुके (प्रजोत्पादक सूक्ष्म कण) वाऱ्याने फुलावर पडतात, तेथे उगवून कवक दाण्याच्या गर्भात शिरते आणि सुप्तावस्थेत राहते. दाणा बाहेरून निरोगी दिसतो. पुढील हंगामात तो पेरला की कवक रोपाबरोबर वाढते आणि ओंबी बाहेर पडते ती काळी होऊनच. दुसरी रीत डोंगराळ प्रदेशातील बंटची. त्याची बीजुके बियाण्याला चिकटून जमिनीत जातात, कोवळ्या अंकुरात शिरतात आणि झाडाच्या वाढत्या टोकाबरोबर वर चढत ओंबीतील दाणे काबीज करतात. दोन्ही प्रकारांत कवक एकदा आत शिरले की सर्व झाड त्याचे होते; रोगट झाडाची बहुधा सगळीच ओंबी जाते. म्हणूनच दोहोंवरचा इलाज बियाण्यापाशी होता. काजळी काणीसाठी लायलपूर येथे जयचंद लुथरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात एक साधी युक्ती पुढे आणली. बियाणे उन्हाळ्यात काही तास पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवावयाचे. पाण्याने जागे झालेले कवक उन्हाच्या तापाने मरते, गहू मात्र उगवतो. आश्रय वनस्पती आणि परोपजीवी यांच्या सहनशक्तीतील थोड्याशा फरकावर हा उपाय बेतलेला होता.

या पार्श्वभूमीवर कर्नालच्या शोधाचे वेगळेपण ध्यानात येते.

कर्नाल, १९३०

कर्नाल त्या काळी पंजाब प्रांतात होते आणि पुसा संस्थेचे एक उपकेंद्र तेथे होते. १९३० साली तेथील गव्हाच्या प्रायोगिक पिकात काही दाणे अंशत: काळे झालेले आढळले. पुसा येथील कवकशास्त्रज्ञ मनोरंजन मित्र यांनी त्यांचा अभ्यास केला व १९३१ साली गव्हावरील नवा बंट म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कवकाला त्यांनी ‘टिलेशिया इंडिका’ असे नाव दिले. हॉवर्ड दांपत्याच्या १९०९ सालच्या गव्हावरील ग्रंथात लायलपूरच्या बंटचा जो उल्लेख येतो तो बहुधा याच रोगाचा असावा, असे पुढील अभ्यासकांनी सुचविले आहे. तसे असेल तर हा रोग नवा नव्हता, त्याची ओळख तेवढी नवी होती.

मित्र यांच्या वर्णनात तीन गोष्टी लक्षणीय होत्या. ज्ञात बंट हा थंड डोंगराळ मुलखाचा रोग. हा सापडला मैदानात. ज्ञात बंटची बीजुके आकाराने लहान. याची बरीच मोठी, सरासरी व्यास सुमारे ३५ मायक्रोमीटर. आणि तिसरी गोष्ट अशी की ओंबीतील सर्व दाणे रोगट नव्हते. चारदोन दाणेच बाधित होते, आणि त्या दाण्यांचाही बहुधा एक भाग, विशेषत: गर्भाकडील टोक व मधल्या खाचेच्या कडा, एवढाच काळा झाला होता. उरलेला दाणा दाणाच राहिला होता. या वैशिष्ट्यामुळे रोगाला ‘आंशिक बंट’ असेही नाव मिळाले. रोगट दाणे चोळले असता कुजक्या मासळीसारखा वास येई. हा वास ट्रायमेथिलअमाइन या द्रव्याचा असतो.

तिसरी गोष्ट ही खरी मेख होती. कवक जर बियाण्यातून किंवा रोपातून आत शिरून सर्व झाडात पसरत असेल, तर ओंबीतील एक दाणा काळा आणि शेजारचा निरोगी हे कसे घडावे? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून रोगावर उपाय शोधणे व्यर्थ होते. बियाण्याला औषध चोळावयाचे की उभ्या पिकाकडे पाहावयाचे, हे त्यावरच ठरणार होते.

पुसा ते दिल्ली : मुंडकूर यांचे कार्य

१५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपात पुसा येथील संस्थेच्या इमारतीची मोठी हानी झाली. संस्था दिल्लीस हलविण्याचा निर्णय झाला आणि १९३६ साली ती राजधानीच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण क्षेत्रावर आली. गावाचे नावही तिच्याबरोबर आले. दिल्लीकर आजही त्या परिसराला ‘पुसा’ म्हणूनच ओळखतात. नमुन्यांचा संग्रह, ग्रंथालय आणि संशोधक यांचे हे स्थलांतर कर्नाल बंटच्या अभ्यासाला उपकारक ठरले. रोगाचा मूळ प्रदेश आता हाकेच्या अंतरावर आला.

या काळात काणीवर्गीय कवकांचा अभ्यास ज्यांनी हाती घेतला ते बालचंद्र भवानीशंकर मुंडकूर (१८९६-१९५२). अमेरिकेतील आयोवा येथे उच्च शिक्षण घेतलेल्या मुंडकूर यांनी मुंबई इलाख्यात कपाशीच्या मर रोगावर काम केले होते. पुढे ते केंद्रीय संस्थेत आले. गव्हाच्या कर्नाल बंटसंबंधी त्यांचे दोन निष्कर्ष महत्त्वाचे आहेत.

पहिला निष्कर्ष वर्गीकरणाचा. टिलेशिया वंशातील परिचित कवकांत बीजुक उगवले की त्याच्या टोकावर मोजकी प्राथमिक बीजुके येतात आणि ती जोडीजोडीने एकमेकांशी जुळतात. कर्नालच्या कवकात अशी सुतासारखी बीजुके मोठ्या संख्येने, कित्येकदा शंभराहून अधिक येतात आणि ती तेथल्या तेथे जुळत नाहीत. या फरकाच्या आधारे मुंडकूर यांनी हे कवक ‘निओव्होसिया’ या वंशात नेले. हे स्थानांतर पुढे वादग्रस्त ठरले. ड्युरान व फिशर यांनी १९६१ च्या ग्रंथात ते पुन्हा टिलेशियात घेतले आणि नंतरच्या रेणवीय पुराव्यानेही त्याच बाजूस कौल दिला. भारतीय बीजप्रमाणीकरणाच्या नियमांत मात्र ‘निओव्होसिया इंडिका’ हे नाव दीर्घकाळ टिकून राहिले.

दुसरा निष्कर्ष अधिक मूलगामी होता. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुंडकूर यांनी दाखविले की या रोगाचा संसर्ग रोपावस्थेत होत नाही. तो फुलोऱ्याच्या वेळी हवेतून येणाऱ्या बीजुकांमुळे होतो आणि ज्या दाण्याला झाला त्याच्यापुरताच राहतो. बेदी व सिक्का यांच्यासमवेत त्यांनी १९४९ साली या विषयावर पुन्हा लिहिले. ओंबीतील दाण्यादाण्यांतील भेदाचा उलगडा यामुळे झाला. प्रत्येक रोगट दाणा ही एक स्वतंत्र घटना होती. झाड रोगट नव्हते. झाडावरील काही फुले तेवढी रोगाच्या कचाट्यात सापडली होती.

मुंडकूर यांचे संघटनकार्यही येथे नोंदविले पाहिजे. १९४७ साली दिल्लीत भारतीय वनस्पतिरोग परिषद स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला व १९४८ पासून तिचे ‘इंडियन फायटोपॅथॉलॉजी’ हे नियतकालिक निघू लागले. १९४९ चा निबंध याच नियतकालिकात आला. भारतातील काणीवर्गीय कवकांवरचा तिरुमलाचार यांच्याबरोबरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीच प्रसिद्ध झाला. काणीवर्गीय कवकांच्या एका वंशाला तिरुमलाचार यांनी ‘मुंडकुरेला’ हे नाव दिले आहे.

आश्रय वनस्पतीशी असलेला संबंध

मुंडकूर यांनी घातलेल्या पायावर पुढील अर्धशतकात जे संशोधन झाले त्यातून या कवकाचे जीवनचक्र आता पुरेसे ज्ञात झाले आहे. मळणीच्या वेळी फुटलेल्या दाण्यांतील काळी भुकटी जमिनीवर सांडते. जाड आवरणाची ही बीजुके मातीत काही वर्षे जिवंत राहू शकतात. जनावरांच्या पोटातून जाऊनही त्यांतील काही टिकतात, त्यामुळे शेणखतातूनही ती शेतात परततात. उन्हाळा आणि पावसाळा ती पडून राहतात. फेब्रुवारीच्या सुमारास, गहू पोटरीवर येतो त्या वेळी, ओलसर जमिनीच्या पृष्ठभागालगतची बीजुके उगवतात आणि प्रत्येकीपासून नाजूक दुय्यम बीजुकांच्या पिढ्या सुरू होतात. पावसाच्या थेंबांबरोबर व वाऱ्याबरोबर ती खालच्या पानांवरून वरच्या पानांवर आणि अखेरीस ओंबीपर्यंत पोहोचतात.

यापुढचा प्रवास केवळ काही मिलिमीटरांचा, परंतु निर्णायक असतो. ओंबीतील फुलाच्या तुसांवर पडलेले बीजुक उगवते. त्याची अंकुरनलिका तुसावरील त्वग्रंध्रातून आत शिरते आणि पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढत कोवळ्या किंजपुटाच्या तळाशी येते. तेथून ती दाण्याच्या बाह्य आवरणात पसरते. दाणा भरत असतो त्याच वेळी त्याच्या आवरणात कवकाची बीजुके भरत असतात. गर्भ मात्र सहसा वाचतो. त्यामुळे अंशत: काळा झालेला दाणाही पेरला तर उगवू शकतो.

या साखळीत आणखी एक अडसर आहे. ड्युरान व क्रोमार्टी यांनी १९७७ साली दाखविले की हे कवक भिन्नलिंगी स्वरूपाचे आहे. म्हणजे परस्परांशी जुळणाऱ्या दोन वेगळ्या प्रकारच्या बीजुकांचे तंतू एकत्र आल्यावाचून रोग पूर्णत्वास जात नाही. एवढ्या नाजूक बीजुकांपैकी योग्य अशी दोन, एकाच फुलावर, फुलोऱ्याच्या थोड्या दिवसांत, पुरेशा ओलाव्यात पडावी लागतात. ओंबीतील मोजकेच दाणे का जातात, याचे हे दुसरे स्पष्टीकरण होय.

तांबेऱ्याशी तुलना केली तर या जीवनरीतीचे वेगळेपण अधिक उठून दिसते. तांबेऱ्याचे कवक जिवंत पेशींत शोषके घालून अन्न घेते आणि एका हंगामात त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या पिकावर वाढतात. त्याला हिरवे पीक सतत लागते. उत्तरेकडील मैदानातील उन्हाळ्यात ते तगत नाही. डोंगरातील गव्हावरून ते दर वर्षी खाली येते, हे आग्र्याचे करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. कर्नाल बंटचे कवक हिरव्या पिकावर अवलंबून राहत नाही. ते मातीत वाट पाहते, वर्षातून थोडे दिवस जागे होते, दाण्याचा एक कोपरा घेते आणि पुन्हा मातीत जाते. आश्रय वनस्पतीचे ते जीवन संपवीत नाही, तिच्या पुनरुत्पादनालाही बहुधा आडवे येत नाही. मोठे नुकसान न करणे हाच त्याच्या टिकाऊपणाचा आधार आहे. तांबेऱ्याने लाल झालेले शेत बांधावरून दिसते; बंटचा दाणा मळणीनंतर हातात घेऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. आणि तोवर तो दाणा बियाण्याच्या पोत्यात गेलेला असतो.

किरकोळ रोगाचे बदललेले स्थान

शोधानंतरची सुमारे चाळीस वर्षे कर्नाल बंट वायव्य भारतातील एक दुय्यम रोग म्हणूनच ओळखला जाई. परिस्थिती पालटली ती गव्हाच्या शेतीचे स्वरूप पालटल्यानंतर. १९६३ साली नॉर्मन बोरलॉग भारतात आले; १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आयात झाले. दिल्लीच्या सीमेवरील जौंती हे गाव पुसा संस्थेच्या मार्गदर्शनाखाली नव्या वाणांचे बियाणे तयार करणारे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. हरियाणा, पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाखालील क्षेत्र, सिंचन व नत्रखतांचा वापर झपाट्याने वाढला.

नव्या वाणांची निवड करताना तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती कटाक्षाने पाहिली गेली होती, आणि ते योग्यच होते. परंतु कर्नाल बंटसारखा किरकोळ रोग त्या कसोटीत नव्हता. दाट, सिंचित, भरपूर खत घातलेल्या पिकात ओलावा टिकून राहतो. फेब्रुवारी-मार्चमधील ढगाळ हवा व रिमझिम पाऊस यांची त्यात भर पडली की कवकाला हवे ते हवामान शेतातच तयार होते. डब्ल्यूएल ७११ सारखी रोगाला बळी पडणारी वाणे मोठ्या क्षेत्रावर पसरली आणि बियाण्याची देवघेव जिल्ह्याजिल्ह्यांत होऊ लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून उत्तर भारताच्या विस्तृत पट्ट्यात या रोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. पुसा संस्थेतील एल. एम. जोशी, डी. व्ही. सिंग व के. डी. श्रीवास्तव यांनी विल्कॉक्सन यांच्यासमवेत १९८३ साली लिहिलेल्या आढाव्याच्या शीर्षकातच हे स्थित्यंतर नोंदविले आहे : एके काळचा किरकोळ रोग आता गव्हाला धोका बनला आहे, असा त्या शीर्षकाचा आशय आहे.

प्रतिकारक वाणांचा शोध हा यावरचा स्वाभाविक उपाय होता. परंतु ज्या रोगाचा संसर्ग नशिबाच्या इतक्या जोडण्यांवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत एखादे वाण खरोखर प्रतिकारक आहे की त्या वर्षी केवळ वाचले, हे ठरविणे कठीण असते. चोना, मुंजाल व अदलखा यांनी १९६१ साली यासाठी परीक्षणाची एक रीत सुचविली होती. पोटरीतील कोवळ्या ओंबीत बीजुकांचे पाणी सुईने टोचावयाचे आणि पिकल्यावर दाणे मोजावयाचे. पुढे हीच रीत सुधारून सर्वत्र वापरली गेली. तिच्यातून एचडी २९ सारखे प्रतिकारक वाणस्रोत हाती आले. फुलोऱ्याच्या वेळी प्रोपिकोनाझोलची फवारणी उपयुक्त ठरते, असेही दिसून आले. पण कोणताच उपाय रोग पूर्णपणे नाहीसा करीत नाही. दर वेळी प्रमाण तेवढे खाली येते.

सीमा आणि शून्य

नेमके याच ठिकाणी कवकाची जीवनरीत आणि मानवी व्यवहाराचे नियम यांचा संघर्ष उभा राहतो. शेतकऱ्याला, पिठाच्या गिरणीला आणि ग्राहकाला प्रमाण चालते. तीन टक्क्यांहून अधिक दाणे रोगट असतील तर पिठाला वास येतो व ते खाण्यास अयोग्य मानले जाते. त्याखाली ते खपते. भारतीय बीजप्रमाणीकरणातही प्रमाणच आहे : पायाभूत बियाण्यात ०.०५ टक्के, प्रमाणित बियाण्यात ०.२५ टक्के. क्वारंटाइनचे गणित मात्र शून्याचे असते. ज्या देशात रोग नाही तेथे एक दाणाही नको, कारण त्या एका दाण्यात लक्षावधी बीजुके असतात आणि मातीत गेल्यावर ती काढता येत नाहीत.

१९७२ साली मेक्सिकोत कर्नाल बंट आढळल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बियाण्याच्या देवघेवीतून तो भारतातून तेथे गेला असावा असे अनुमान करण्यात येते. तसे असेल तर ज्या काळात मेक्सिकोचा गहू भारताची भूक भागविण्यास आला, त्याच काळाच्या आसपास भारताच्या मातीतील हे कवक उलट दिशेने गेले. १९८३ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या गव्हावर निर्बंध घातले. १९९६ साली हा रोग खुद्द अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, सापडला आणि अमेरिकेच्या गव्हाकडे इतर देश त्याच संशयाने पाहू लागले. जो देश निर्बंध घालीत होता त्यालाच आपला गहू निर्दोष असल्याची ग्वाही देत फिरण्याची पाळी आली. २००० साली दक्षिण आफ्रिकेतही रोगाची नोंद झाली. मेक्सिकोतील जळत्या गव्हाच्या शेतांवरील हवेत सुमारे तीन हजार मीटर उंचीवर या कवकाची बीजुके १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळली होती. सीमेवरील तपासणी किती दूरवर पुरी पडेल, असा प्रश्न त्यातून सहजच निर्माण होतो.

भारताच्या दृष्टीने यातील ओझे दुहेरी आहे. वनस्पतींच्या आयात-निर्यातीवरील रोगनियंत्रणाची मध्यवर्ती सरकारी यंत्रणा दिल्लीलगतच्या फरिदाबादला आहे. परदेशी जाणाऱ्या गव्हाचे निर्दोषत्व प्रमाणित करण्याची जबाबदारी ती वाहते. आणि निर्यातदाराला ज्या नावाचा पत्ता द्यावा लागतो ते नाव याच प्रदेशातील एका नगराचे आहे. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक यांसारख्या उष्ण व कोरड्या हवेच्या राज्यांत हा रोग आढळत नाही, कारण तेथे गहू फुलोऱ्यात असताना कवकाला लागणारा गारवा व ओलावा मिळत नाही. मराठी शेतकऱ्याच्या बोलीत तांबेऱ्याला, काणीला, गोसाव्याला शब्द आहे आणि कर्नाल बंटला नाही, तो यामुळेच. परंतु निर्बंध घालणारा देश अनेकदा राज्य पाहत नाही, राष्ट्र पाहतो. जो रोग नगरच्या किंवा निफाडच्या गव्हाने कधी पाहिला नाही, त्याच्या संशयाचा भार त्या गव्हालाही वाहावा लागतो.

समारोप

कर्नाल बंटच्या इतिहासात तीन टप्पे स्पष्ट दिसतात. मित्र यांनी त्याला नाव दिले. मुंडकूर यांनी तो आश्रय वनस्पतीत कोठून, केव्हा आणि कितपत शिरतो हे दाखविले. जोशी व त्यांच्या पिढीने शेतीचे रूप बदलले की परोपजीवीचे स्थानही बदलते, हे नोंदविले. यांपैकी दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व सर्वाधिक मानावे लागते. मुंडकूर यांच्यापूर्वी बियाणे शुद्ध केले की रोग टळेल, अशी समजूत बाळगणे शक्य होते. त्यांच्यानंतर ते शक्य राहिले नाही. निरोगी बियाणे पेरूनही मातीतून आणि हवेतून रोग येऊ शकतो, हे एकदा कळल्यावर प्रश्न एका पोत्याचा न राहता साऱ्या परिसराचा झाला.

शून्याचा आग्रह आणि प्रमाणाचा व्यवहार यांतील ताण आजही मिटलेला नाही, आणि तो मिटण्याजोगा आहे असेही म्हणता येत नाही. जो परोपजीवी आश्रय वनस्पतीला जगू देतो, त्याला नष्ट करण्याचा मार्ग त्या वनस्पतीवरूनच जातो. आणि ती वनस्पती गहू असल्यामुळे माणसाला तो मार्ग बंद आहे. उरते ते सोबत राहण्याचे शहाणपण : कोणत्या हवेत, कोणत्या दिवसांत आणि कोणत्या वाणावर त्याला संधी मिळते हे ओळखून ती कमी करणे. १९९० पासून गव्हावरील राष्ट्रीय संशोधनाचे केंद्र कर्नाललाच आहे. ज्या नगराचे नाव रोगाला चिकटले, त्याच नगरात त्या रोगाला न जुमानणाऱ्या गव्हाचा शोध चालू आहे. रोगाच्या नावातून कर्नाल आता वगळले जाणार नाही. पण ते नाव ज्यांनी प्रथम उच्चारले त्यांनी ते दूषण म्हणून उच्चारले नव्हते, नमुना कोठून आला त्याची ती प्रामाणिक नोंद होती, एवढे तरी इतिहासाने लक्षात ठेवावयास हवे.